दुर्मीळ असण्याची अट

‘फुलं बघायची तर कासला जावं, आपल्या माळावर काय ठेवलंय?’ येडशीच्या घाटात एका स्नेह्यानं सहज टाकलेलं हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

कासचं कौतुक नव्यानं सांगायला नको. २०१२ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. तिथल्या जांभ्याच्या सड्यावर, पाणी धरणाऱ्या पातळ मातीत, तुळशीच्या कुळातली जांभळी मंजिरी फुलते. तिकडे फ्लोरिडात किनाऱ्यालगतच्या जुन्या वाळूच्या टेकड्यांवर याच कुळातलं ‘लकेलाज मिंट’ तग धरून आहे. अमेरिकेनं १९८५ मध्ये ते संकटग्रस्त ठरवलं. पण दुर्मीळ असणं वेगळं आणि एकाच जागेला बांधलेलं असणं वेगळं. हंगामात मंजिरीचे ताटवेच्या ताटवे दिसतात. ती थोडकी नाही, तिची जागा थोडकी आहे.

स्नेह्याचा सवाल असा की, जे कुठंही उगवतं ते राखायचं कशाला? पैसा आणि माणसं मोजकी असताना हा सवाल खोटा नाही. तरी आमच्या बालाघाटातला, तुळशीच्याच कुळातला तुंबा एकदा बसून पाहावा. देठ चौकोनी, पेरापेराला पांढऱ्या फुलांचे गेंद. मधमाशी खालच्या रुंद ओठावर टेकते आणि वरच्या केसाळ ओठाखालचे पराग तिच्या पाठीला लागतात. पोरं तेच फूल उपटून बुडखा चोखतात.

म्हणून आधी वाटलं, आपल्या माळालाही कुंपण हवं. पण कासला कुंपणानं गुरं थांबली, चराईअभावी फुलं घटल्याची ओरड झाली आणि अखेर ते कुंपण काढावं लागलं. मग मेंढरं फिरतात तो माळ पडीक कसा? आणि त्याला तारेत कोंडून साधणार काय?

स्नेह्याचं एवढं मी मानतो की, तुंब्याला अभयारण्य नको. त्याला हवं ते आपल्याच हातात आहे. सोयाबीनमधलं तणनाशक बांधापर्यंत नेऊ नये, गायरान नांगराखाली घालू नये आणि मेंढरांची वाट अडवू नये. तुंबा संपत येईपर्यंत थांबायचं, ही अट मात्र मला मान्य नाही.