प्रसादाला नाही म्हणावं का?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी केशवापुरात आरतीनंतर आम्ही धारवाडी पेढे वाटत होतो. एका काकांनी कणभर मोडून घेतला आणि बाकीचा परत ठेवला. आम्ही लगेच, "अहो काका, प्रसादाला नाही म्हणू नये!" म्हणत दोन पेढे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते गुपचूप खाल्ले. नंतर त्यांच्या सूनबाईंकडून कळलं, काकांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. तेव्हापासून मनाला टोचतंय. प्रसादाचा मान राखला कुणी? कणभर घेणाऱ्यानं, की बळंच वाढणाऱ्यानं?

आपल्याकडे आग्रह म्हणजेच प्रेम. पण समाधान वाढणाऱ्याला मिळतं आणि भोगतो खाणारा. वर आपण म्हणतो, "तुम्ही तर बारीक आहात, तुम्हाला काय होतंय!" पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. पण अंगात चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आपली भारतीय अंगकाठी अशी फसवी. म्हणून काट्याबरोबर पोटाचा घेरही बघायचा. पुरुषांचा ९० सेंटिमीटर, बायकांचा ८० च्या वर गेला की जपायचं.

आणि हे एका पेढ्यानं होत नाही हो. दिवसाला चार गोड चहा, संध्याकाळी गिरमिटाबरोबर मिरची भजी, रात्री उशिरा भाताचा डोंगर, असं वर्षानुवर्षं साठतं. आपल्या आज्या जोंधळ्याची भाकरी नि पालेभाजी खायच्या, दिवसभर राबायच्या. आपण राबणं सोडलं, सणाचं गोड मात्र रोजचं केलं. उपवासाचं तर विचारूच नका, एकादशी दुप्पट खाशी! गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितलंय, फार खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही नाही.

तर येत्या गुरुवारपासून पेढा वाटाण्याएवढा. ज्यांना नको त्यांनी कपाळाला लावून परत द्यावा, कुणी का म्हणून विचारणार नाही.

काकांच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली. ते हसले. म्हणाले, "तुमचं मन मोडवेना, म्हणून खाल्ले." तेच आम्हाला जास्त लागलं.