भिंतीचं धोतर

भिंतीला कान असतात म्हणे. असतील. पण भिंतीला पायही असतात आणि वय झालं की माणसासारखे आधी तेच कुरकुरायला लागतात, हे तळमजल्यावर घर घेतल्याशिवाय कळत नाही. वातीतून तेल चढावं तशी जमिनीतली ओल विटांतून वर चढते. आमच्या दिवाणखान्याची भिंत कमरेच्या वर ठणठणीत आहे. खाली सगळे पोपडे आणि पांढरे क्षार.

त्यातून हा फ्लॅट आम्हांला विकायचा आहे. एका अनुभवी स्नेह्यांनी सल्ला दिला, "खालून तीन फूट लाकूड मारून घ्या. ओल दिसत नाही, आणि घर कसं भारदस्त वाटतं!"

हा भारदस्तपणा मूळचा विलायती. तिकडच्या जुन्या घरांत भिंतीचा गारठा अंगाला लागू नये, खुर्च्यांच्या पाठींनी गिलावा उडू नये, म्हणून भिंतीच्या खालच्या भागाला ओकच्या फळ्या ठोकत. त्या भागाला तिकडे 'डेडो' म्हणतात. आपले गवंडी न्हाणीघरातल्या टाइल्सना 'डाडो' म्हणतात तो हाच. इंग्रज सरदाराच्या दिवाणखान्यातला शब्द आपल्याकडे येऊन आंघोळीला बसला!

मी मिस्त्रींना बोलावलं. उंचीचं लगेच जमलं: भिंतीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे तीन फूट. मग मिस्त्रींनी मला लाकडाचं तत्त्वज्ञान सांगितलं. चौकटीला खाच पाडायची, फळी खाचेत नुसती बसवायची, सरस लावायचा नाही. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. जखडून टाकलं की तडकतं. (संसाराबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.) शेवटी त्यांनी भिंतीवर टकटक केली आणि म्हणाले, "साहेब, आधी ओल काढा. ओल्या भिंतीला लाकूड म्हणजे वाळवीला पंगत."

आता खरा प्रश्न. झाकणं म्हणजे खोटं बोलणं का?

ज्याच्या 'अन्टू धिस लास्ट'नं 1904 साली गांधीजींना झपाटलं, त्या रस्किननं 1849 साली इमारतींच्या नीतिमत्तेवर एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. एका वस्तूनं दुसरीचं सोंग घेणं हे त्याच्या मते पाप. मुलामा मात्र त्यानं माफ केला, कारण त्याला भरीव सोनं कुणीच समजत नाही. या न्यायानं लाकडाचे छापील रेघोटे मारलेला पत्रा नापास, आणि आमचं अस्सल सागवान पास. मी खूश झालो.

पण रात्री झोप येईना. धोतर नेसणारा माणूस काही खोटं बोलत नसतो. आत पाय आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पायाची चिघळलेली जखम मुलीकडच्यांना दिसू नये म्हणून तो धोतर नेसला, तर धोतर खरं, नेसणारा खोटा. रस्किननं लाकडाला प्रमाणपत्र दिलं होतं, मला नव्हे.

सकाळी सौ. एवढंच म्हणाली, "अहो, घेणाऱ्यांच्या घरात लहान मूल असलं, तर पाळणा याच भिंतीला लागेल." दमेकऱ्याला ओल आणि बुरशी किती बाधते, हे तिनं माहेरी जवळून पाहिलं आहे. पुढे वाद घालायला जागाच उरली नाही.

तेव्हा ठरलं असं: भिंतीच्या पायथ्याला भोकं पाडून ओल अडवणारं औषध भरायचं, खारावलेला गिलावा काढून टाकायचा आणि भिंत सुकू द्यायची. इंचाला एक महिना हा ढोबळ हिशेब. आमची भिंत नऊ इंची. म्हणजे नऊ महिने! भिंतीला दिवस गेल्यासारखं सगळे तिच्याशी जपून वागतो आहोत. त्यानंतर सागवान. आणि येईल त्या गिऱ्हाइकाला इथे ओल होती, काय उपाय केला, हे आधी सांगायचं.

"सांगितलंत तर भाव पडेल," स्नेही कळवळून म्हणाले. पडेल. सत्याची किंमत मोजावी लागते, हे शाळेत शिकलो होतो. ती चौरस फुटावर मोजतात, हे आता कळलं.