आठवडाभर नीट चालला

कापूरहोळला सातारा रस्त्यावरून भोर आणि सासवडकडे फाटे फुटतात. इथल्या एखाद्या घरातला संगणक मधूनच बंद पडायला लागला, की त्याचा डबा (सगळे त्याला सीपीयूच म्हणतात) गाडीवर घालून पुण्याला, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नेतात. तिथे तो दिवसभर शहाण्यासारखा चालतो. दुकानदार म्हणतो, "काहीच प्रॉब्लेम नाही." घरी आणून लावला की संध्याकाळी पुन्हा रीस्टार्ट.

दुकानदार खोटं बोलत नसतो. बिघाड डब्यात असेलच असं नाही. डबा आणि घर यांच्या मधेही तो असतो. प्लगला अर्थिंग नसतं, शेजारी पाण्याची मोटर सुरू झाली की विजेचा दाब पडतो. वीज क्षणभर खंडित झाली तर आतल्या वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसने साधारण 16 मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते, म्हणजे 50 हर्ट्झच्या विजेच्या एका आवर्तनाइतकासुद्धा वेळ नाही. कपॅसिटर जुने झाले की तेवढंही जमत नाही. दिवा लुकलुकलेला कोणाच्या लक्षात येत नाही, संगणक मात्र गेलेला असतो.

मग विंडोजच्या नोंदींत 'कर्नल-पॉवर 41' सापडतं आणि घरातली तरुण मंडळी नवा एसएमपीएस आणायला निघतात. वास्तविक ती नोंद होते संगणक पुन्हा सुरू झाल्यावर, आणि ती एवढंच सांगते की मागच्या खेपेला तो रीतसर बंद झाला नव्हता. कारण रॅमही असू शकतं, तापलेला प्रोसेसरही, एखादा बिघडलेला ड्रायव्हरही. रॅमवर संशय घ्यायला तर जागा आहेच. गूगलच्या सर्व्हरवरचा 2009 मधला अभ्यास सांगतो, की वर्षभरात 8 टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलांत एकदा तरी चूक झाली. सर्व्हरची रॅम अशा बहुतेक चुका स्वतः पकडून दुरुस्त करते. घरच्या संगणकात ती सोय सहसा नसते.

पण मला खरी गंमत वाटते ती कारणं शोधण्यात नाही, कारण सापडलं असं मानण्यात. समजा, संगणक सरासरी आठवड्यातून एकदा बंद पडतो, आणि पडतो तो अगदी लहरीने. काहीही न बदलता तो सबंध आठवडा सुरळीत चालण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते! म्हणजे कोणी रॅम काढून पुसून बसवली, कोणी विंडोज नव्याने टाकली, कोणी नारायणपूरला जाऊन दत्ताला नारळ फोडला, तरी दर तिघांतल्या एकाला आठवडाभर गुण आलेला दिसणारच. तो पुढे इतरांना तोच उपाय सांगतो, आणि अगदी प्रामाणिकपणे सांगतो. निदान 5 टक्क्यांच्या आत संशय आणायचा तर तीन आठवडे वाट पाहावी लागते, तीही एका वेळी एकच गोष्ट बदलून.

रीस्टार्टची कीर्तीही अशीच वाढली आहे, फक्त ती बऱ्याच अंशी खरी आहे. टँडम कंपनीतल्या जिम ग्रे यांनी 1985 मध्येच मांडलं होतं, की तपासून वापरात आलेल्या सॉफ्टवेअरमधले उरलेले बहुतेक दोष क्षणिक असतात आणि तेच काम पुन्हा करायला घेतलं की उमटत नाहीत. म्हणून काम चालतं, आणि म्हणूनच चोर सापडत नाही.

पण तीन आठवडे थांबणार कोण? मुलीच्या प्रवेशाच्या अर्जाची मुदत परवा संपत असते. दुकानदाराला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तो रॅम आणि एसएमपीएस दोन्ही एकदम बदलतो, पंख्यातली धूळ उडवतो, पैसे घेतो, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. संगणक चालू लागतो. दोघांपैकी दोषी कोण होतं, हे आता कधीच कळणार नाही. काढलेली रॅम दुकानाच्या खणात पडते आणि काही दिवसांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला 'सेकंडहँड, पण चालू' म्हणून निम्म्या किमतीत मिळते.