तीच का ही गाडी?

इंग्लंडच्या उच्च न्यायालयात १९९० साली एक खटला चालला. वादाचा विषय होता एक मोटारगाडी, आणि न्यायमूर्तींपुढचा प्रश्न एवढाच, की ही गाडी म्हणजे 'ती'च गाडी आहे काय?

'ती' म्हणजे बेंटले कंपनीची 'ओल्ड नंबर वन'. फ्रान्समध्ये ल मान्स येथे चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यत होते. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ती या गाडीने जिंकली; दोन्ही वेळा चालवणाऱ्या जोडीत वुल्फ बार्नाटो होता. पुढे तिला आठ लिटरचे मोठे इंजिन बसवण्यात आले. १९३२ च्या सप्टेंबरात ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ती उंच कललेल्या कडेवरून पलीकडे कोसळली आणि क्लाइव्ह डनफी हा तिचा चालक ठार झाला. मोडक्या गाडीची पुन्हा बांधणी झाली ती बंद टपाची, रस्त्यावर फिरवायची गाडी म्हणून. आणखी काही दशकांनी तिला परत शर्यतीच्या वेळचा उघडा साज चढवण्यात आला. अशा या अनेक जन्मांच्या गाडीचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला आणि ऐन वेळी घेणाऱ्याने पाय मागे घेतला. त्याचे म्हणणे असे, की १९२९ साली जे लोखंड ल मान्सला धावले त्यातले या गाडीत फार थोडे उरले आहे. तेव्हा ही ती नव्हेच.

न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. मूळचे सुटे भाग फारसे उरलेले नाहीत हे त्यांनी मान्य केले. पण ही गाडी कधी संपली आणि दुसरी सुरू झाली असा क्षण तिच्या आयुष्यात दाखवता येत नाही. बदल झाले ते एकामागून एक, लोकांच्या डोळ्यांदेखत. आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून हीच खरी 'ओल्ड नंबर वन'.

आपल्याकडच्या वाचकाला इथे 'मिलिंदप्रश्न' आठवल्यावाचून राहणार नाही. मिलिंद राजा भेटीला येतो तेव्हा भिक्षू नागसेन त्याला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात. मग रथ तो कोणता? दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाके, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि अखेर कबूल करतो की या साऱ्यांच्या आधाराने 'रथ' हे नुसते नाव चालते. युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र नागसेनाला तो रथ विकायचा नव्हता, ही त्याची मोठी सोय होती. नुसत्या नावापुढे कुणी एक कोटी पौंड ठेवले की तत्त्वज्ञानाला घाम फुटतो.

जुन्या गाड्यांच्या लिलावात हाच घाम रोज फुटत असतो. आधी सुबक छापलेली यादी निघते. त्यात प्रत्येक गाडीला क्रमांक, तिची जन्मकथा, मालकांची वंशावळ. मग एक-दोन दिवस माल पाहायला ठेवतात. लोक गुडघ्यांवर बसून, विजेरी धरून, पोटाखालचे लोखंड न्याहाळतात. मालकाने मनाशी ठरवलेली किमान किंमत गुप्त असते. हातोडा पडला की त्या रकमेवर लिलाववाल्यांची टक्केवारी चढते. आणि अटींमध्ये बारीक टाइपात एक वाक्य बहुधा असतेच: माल आहे तसा, आहे तिथे. हातोडा पडल्यावर तक्रारीला जागा थोडी.

या बाजारातला परवलीचा शब्द म्हणजे 'नंबर जुळणे'. चासीवरचा नंबर, इंजिनावरचा नंबर आणि कारखान्याच्या वहीतली नोंद यांचा मेळ बसला तर एक किंमत. न बसला तर तीच गाडी, तोच रंग, तेवढाच वेग, आणि किंमत पुष्कळ कमी. चालवणाऱ्याला काडीचा फरक जाणवत नाही. मग घेणारा जास्तीचे पैसे मोजतो ते कशाचे?

पॅरिसमध्ये ६ फेब्रुवारी २०१५ रोजी झालेला एक लिलाव याचे उत्तर देतो असे मला वाटते. रॉजे बायों या मालवाहतूकदाराने १९५० च्या दशकापासून जुन्या गाड्या जमवायला घेतल्या. त्यांचे संग्रहालय करायचे त्याच्या मनात होते. १९७० च्या दशकात धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या पश्चिम फ्रान्समधल्या त्याच्या जागेत पत्र्याच्या शेडांखाली गंजत पडल्या. त्यातल्या ५९ लिलावात आल्या. फेरारीची एक उघडी कॅलिफोर्निया स्पायडर तर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली. एके काळी ती आलँ दलाँ या नटाकडे होती. ती १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. काही गाड्यांचा तर नुसता सांगाडा उरला होता, त्याही खपल्या. आणि लिलाववाल्यांनी त्या धुतल्या-पुसल्या नाहीत, तशाच धुळीसकट मांडल्या.

हे वाचले तेव्हा मी हसलो होतो. आपल्याकडे मुलगी दाखवायची तरी तोंडावर पावडर लावतात! पुढे विचार करता ध्यानात आले, की ती धूळ ही साक्ष होती. मधल्या काळात इथे कुणाचा हात लागलेला नाही, कुणी काही लपवलेले नाही, एवढेच ती सांगत होती. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, 'फिवा'ने, २०१२ साली तुरिनची सनद म्हणून जी तत्त्वे ठरवली त्यांत असे आहे, की नवा भाग घालावा लागला तर तो नवा आहे हे ओळखू येईल अशी खूण त्यावर करावी. म्हणजे दुरुस्तीला ना नाही. दुरुस्ती झाकायला ना आहे.

बेंटलेच्या निकालाचे मर्मही मला इथेच दिसते. लोखंड बदलले तरी गाडी टिकली, कारण तिची हकीकत तुटली नाही. घेणारा जास्तीचे पैसे मोजतो ते त्या हकीकतीचे. बटाटे घेताना व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही, बटाटा हातात असतो. इथे हातात असते ते लोखंड आणि विकत घ्यायचा असतो शब्द. तोच खोटा निघाला तर मालात खोट आहे असे म्हणून भागत नाही. माल दिलाच नाही असे होते.

सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात एक पेच मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना नाही. त्याने सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे. मी कॉलेजात हे वाचले तेव्हा माझाही कौल तिकडेच होता. पुढे प्रसंग आला तेव्हा मात्र मी डायोजेनिस झालो.

आमच्या बेळगावच्या गल्लीत अण्णांची १९५६ सालची फियाट होती, मिलेचेंतो. अण्णा गेल्यावर औषधपाण्याचे देणे अंगावर आले आणि २००३ साली काकूंनी गाडी विकायला काढली. घेणारे चौघे निघाले, तेव्हा अंगणातच बोली लावायचे ठरले. कोल्हापूरचे दोघे, मडगावचे एक, पुण्याचे एक. पुण्याच्या गृहस्थांनी विजेरी आणि भिंग आणले होते. बॉनेटमध्ये डोके घालून त्यांनी इंजिनावरचा नंबर वाचला, आर. सी. बुकाशी ताडून पाहिला आणि म्हणाले, "जुळतो!"

तो नंबर खोटा होता. १९७४ च्या मे महिन्यात आंबोलीच्या घाटात पाणी उकळून मूळच्या ब्लॉकला तडा गेला होता. मिस्त्रींनी पुढच्या सालाच्या गाडीचे इंजिन आणून बसवले आणि आर. टी. ओ.चे खेटे नकोत म्हणून त्यावर जुना नंबर ठोकून दिला. गल्लीतल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होते. मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. पुणेकरांनी मला विचारले, "तुम्ही शेजारी ना? गाडी मूळचीच आहे ना हो?"

मी म्हणालो, "अण्णांनी कोरी घेतली, तेव्हापासून याच दारात आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता. धर्मराजाच्या अर्ध्या सत्याने त्याचा रथ जमिनीला टेकला असे म्हणतात. माझे काही टेकले नाही. बोली पस्तीस हजारांवरून एक लाख दहा हजारांवर गेली, काकूंचे देणे फिटले, आणि मला त्या रात्री झोप चांगली लागली. ही गोष्ट मी लपवणार नाही. काकूंच्या बाजूने मी आजही पुष्कळ काही सांगू शकतो. ज्याला जुन्या गाडीचा शौक परवडतो त्याचे चार पैसे जास्त गेले तर काय बिघडले, हा विचार तेव्हाही मनात होता. पण तो न्याय करायला मला कुणी बसवले होते? पुणेकरांनी मला किंमत विचारली नव्हती, हकीकत विचारली होती.

काकू २०११ साली वारल्या. गेल्या वर्षी पुण्याहून पत्र आले. त्यांचेही वय झाले आहे. गाडी मुंबईच्या एका लिलावात द्यायची आहे. तुम्ही या गाडीचे सर्वांत जुने साक्षीदार, तेव्हा तिचा पूर्वेतिहास लिहून सहीनिशी पाठवावा, तो यादीत छापायचा आहे, अशी विनंती. म्हणजे माझे अर्धे सत्य आता आर्ट पेपरवर छापून निघणार, आणि त्याच्या भरवशावर कुणी तिसराच माणूस हात वर करणार!

पत्र खिशात घालून मी मिस्त्रींकडे गेलो. खरे लिहावे तर त्यांचा ठोकलेला नंबर उघडा पडणार; त्यांना न विचारता लिहिणे बरे नव्हे. पत्र वाचून दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "या मास्तर, मागं या."

गॅरेजच्या मागच्या अंगाला, नळाखाली, पाने धुवायला दगडासारखा एक लोखंडी ठोकळा मांडलेला होता. कितीदा तरी मी त्यावर पाय ठेवून उभा राहिलो असेन. मिस्त्रींनी नातवाकडून रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश मागवला. दहा मिनिटे घासल्यावर बाजूने गेलेला तडा दिसला, आणि मग एकेक आकडा.

"ह्यो खरा," ते म्हणाले. "टाकवला नाही. आन् मी बसवलेलं इंजिन पन्नास वरसं चाललंय, त्ये बी लिवा."

मी पत्राच्या पाठीवर नंबर उतरवून घेतला. संध्याकाळी चार पाने लिहिली, घाटातल्या प्रसंगापासून माझ्या चहाच्या ट्रेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवली. इंजिन 'एका स्थानिक कारागिराने' बदलले, असे मी लिहिले होते. तिथे त्यांनी मला थांबवले.

"कारागीर कशाला? माझं नाव घाला की ओ. पुरतं घाला."