तिसऱ्या दिवशीची कुदळ

दिवाळीत ज्या घरी पाहुणा येत नाही त्या घरच्या करंज्यांना चव नसते, असे माझी आजी म्हणत असे. परंतु पाहुण्यांची एस.टी. वळणाआड गेली की तीच आजी आणखीही एक गोष्ट म्हणे : "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई!" आतिथ्य आणि व्यवहार यांची सांगड आमच्या कोकणात अशी घातलेली आहे. या म्हणीत काही उणे आहे, असे पस्तिशी उलटेपर्यंत मला कधी वाटले नाही. मग मी स्वतःच पाहुणी झाले. आणि तीही एक-दोन दिवसांची नव्हे, पाच वर्षांची.

मी बालवाडीत शिकवते. शिक्षण म्हणाल तर दहावी. माझ्या आजोबांच्या भाषेत मॅट्रिक. दोन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, पण तत्त्वचिंतनाचा अधिकार सांगावा असे त्यांत काही नाही. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते एका गृहिणीला पडलेले कोडे समजावे. परमुलखात राहणाऱ्याने त्या मुलखाचे काय देणे लागते, एवढेच ते कोडे.

आमचे 'हे' एका गोदामात हिशेबनीस होते. त्या नोकरीच्या निमित्ताने २०१४ ते २०१९ ही वर्षे आम्ही केनियातील मोम्बासा येथे काढली. मोम्बासा हे बेट. उत्तरेला पुलावरून जावे, दक्षिणेला लिकोनीकडे फेरीबोटीतून. माझ्या माहेरच्या अंगणातून जो समुद्र दिसतो, तोच तिथल्या गच्चीवरून दिसे. मी फक्त त्याच्या दुसऱ्या काठावर उभी असे. वर्षाच्या अखेरीस तिथे ईशान्येचा वारा सुटतो, त्याला 'कास्काझी' म्हणतात. एप्रिलच्या सुमारास तो फिरतो आणि दक्षिणेकडचा 'कुसी' वाहू लागतो. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरची आणि अरबांची गलबते शतकानुशतके कास्काझीवर तिकडे जात आणि कुसीवर माघारी येत. वाऱ्यालाही परतीचे वेळापत्रक असते, हे वाचून मला त्या दिवसांत फार धीर आला होता.

बाजारात गेले की मी चकित होई. तोच नारळ, तोच फणस, तीच केळी. सुरमईला 'नगुरू' म्हणत, पण ती सुरमईच. तुरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजवीत. त्या भाजीचा वास आला की मला आमच्या स्वयंपाकघराची आठवण येई. खबरबात विचारायची तर 'हबारी', हिशेब म्हणजे 'हेसाबू', साबण म्हणजे 'साबुनी', दुकान म्हणजे 'दुका' आणि गाडी म्हणजे 'गारी'. बायकांना आदराने 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. आमच्याकडे कामाला येणारी बाई पहिल्याच दिवशी मला 'मामा' म्हणाली, तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते.

घड्याळाची मात्र फटफजिती झाली. तिथले लोक तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. मी कोळ्याला मासे घेऊन दोनला ये म्हणून सांगितले आणि तो सकाळी आठाला दारात हजर! मी त्याच्यावरच रागावले. सबंध गावाचे घड्याळ चुकले आहे आणि माझे तेवढे बरोबर आहे, अशी माझी त्या वेळी खात्री होती.

हे चुकलेले घड्याळ लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

दिवस असे जात. डिसेंबरापासून मार्चापर्यंत उष्मा इतका, की दुपारी फरशीवर पाठ टेकावी तर फरशीही घामेजलेली. नळाला पाणी कधी दोन-दोन दिवस नसे. मग हातगाडीवाला वीस-वीस लिटरांचे पिवळे डबे घेऊन येई आणि पाणी मोजून विकत घ्यावे लागे. संध्याकाळी आम्ही चार भारतीय कुटुंबे एकत्र जमत असू. बोलणे काय? तर 'यांच्याकडे' पाणी नाही, 'यांच्याकडे' वीज जाते, 'या लोकांना' वेळेची किंमत नाही. माझ्या माहेरी एप्रिलात विहीर आटते तेव्हा आम्ही 'आपल्याकडे पाणी नाही' असे म्हणतो. मोम्बासाला पाच वर्षे मी तेच पाणी प्याले, त्याच हातगाडीची वाट पाहिली, पण तोंडातून एकदाही 'आपल्याकडे' असा शब्द आला नाही.

आता कबूल करायला जड जाते ती गोष्ट. आमच्याकडे येणाऱ्या त्या बाईचा कप वेगळा होता. निळ्या काठाचा, कल्हईचा टवका उडालेला इनॅमलचा कप; तो स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेला असे. तिला तसे कुणी सांगितले नव्हते, मलाही कुणी सांगितले नव्हते. आमच्या गावी खिडकीत असाच एक कप असे, म्हणून इथेही तो आला. हजारो मैल ओलांडताना मी लोणच्याची बरणी आणली, देव आणले, आणि न दिसणाऱ्या सामानात तो कपही आणला. तिचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहू का म्हणून तिला विचारलेले नाही. तिथे बाईला तिच्या मुलाच्या नावाने 'अमक्याची आई' म्हणून हाक मारतात. मी मात्र तिला पहिले वर्षभर नुसते 'बाई'च म्हणत होते. मुलांची नावे विचारायचे सुचलेच नाही.

चौथ्या वर्षी तिच्या मुलीचे लग्न निघाले आणि तिने मला बोलावले. फेरीबोटीतून, गर्दीत चेंगरत, मी तिच्याबरोबर लिकोनीला गेले. अंगणात मोठमोठी पातेली चढलेली, बायका खाली बसून कांदे चिरताहेत, गाणी चालली आहेत. मला पाहताच कुणीतरी धावत जाऊन खुर्ची आणली. त्या अंगणात तेवढी एकच खुर्ची होती. मी तीवर बसले, आणि मला आत कुठेतरी बरेही वाटले.

एक म्हातारी माझ्याकडे निरखून पाहत होती. तिने आमच्या बाईला काही विचारले. मला कळले ते एवढेच की, ही इथे किती दिवस आहे? बाई म्हणाली, चार वर्षे. त्यावर म्हातारी एक वाक्य बोलली आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. बाईने मला त्याचा अर्थ सांगितला. ती त्यांची म्हण होती : "म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे." पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या.

म्हातारीने कुदळ काही आणली नाही. तिने माझ्यापुढे नारळ खवण्याचा पाट सरकवला. बसायला लहानशी लाकडी बैठक आणि पुढे दातेरी लोखंडी जीभ. त्याला ते 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे बकरी. त्यांची ती बकरी, आमची खवणी! मी खुर्चीवरून उतरले, पदर खोचला आणि बसले. किती नारळ खवले ते मोजले नाही. कोकणातल्या बाईचा हात या कामात मागे हटत नाही. थोड्या वेळाने म्हातारी जवळ आली, माझा कीस चिमटीत धरून पाहिला आणि मान डोलावली. मग सर्वांबरोबर मलाही चहा मिळाला. पेले मोजकेच होते. एकीचा रिकामा झाला की विसळून दुसरीला. मी प्याले.

रात्री घरी आले आणि दिवा लावला, तो खिडकीतला कप समोर. मी तो फेकून दिला नाही. इतर कपांबरोबर कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी एकदम थोर झाले, असे सांगितले तर ते खोटे होईल. पुढचे आठ दिवस कोणाच्या हातात कोणता कप गेला, हे माझा डोळा चोरून पाहत होता. नंतर कधीतरी पाहायचे थांबला.

मी 'ह्यां'ना हे सारे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आपण पगार वेळच्या वेळी देतो, भाडे देतो, कर भरतो. आणखी काय द्यायचे राहिले?" हिशेबनिसाचा प्रश्न होता आणि हिशेबाने तो बिनचूक होता. मला उत्तर देता आले नाही. आज असे वाटते की पैसे दिल्याने देणे फिटते आणि माणूस मोकळा होतो. कुदळ हातात घेतली की माणूस मोकळा होत नाही, उलट अडकतो. पाऊस लांबला तर त्यालाही काळजी पडते. खुर्चीवर बसून मला त्या लग्नातले काहीच बिघडण्याची भीती नव्हती. खवणीवर बसल्यावर रस्सा पातळ होईल की काय, याची धास्ती मलाही वाटू लागली.

पण इथे एक शंका येते, आणि ती टाळून चालणार नाही. परक्याने कुदळ घेणे नेहमीच भले असते काय? मोम्बासाला पोर्तुगीज १४९८ साली आले. १५०५ साली त्यांनी ते शहर लुटले आणि १५९३ साली तिथे फोर्ट जीझस हा किल्ला बांधायला घेतला. त्यांच्याही हाती कुदळी होत्याच! परंतु त्या त्यांना कुणी दिल्या नव्हत्या; त्यांनी स्वतःच आणल्या आणि दुसऱ्याच्या अंगणात पाया खणला. म्हणीत 'घ्या' म्हटलेले नाही, 'द्या' म्हटले आहे. कुदळ घरधन्याने द्यायची असते, आणि कुठे खणायचे तेही त्यानेच दाखवायचे असते. याच मोम्बासाहून १८९६ साली रेल्वेचे रूळ टाकायला सुरुवात झाली. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले आणि अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. त्यांना कुदळ मिळाली ती पहिल्या दिवशीच, साहेबाच्या हातून. पाहुणचाराचे दोन दिवस कुणी दिलेच नाहीत. त्यातले काही तिथे राहिले, दुकाने घालून पुढेही अनेकजण गेले. २०१७ साली केनियाच्या सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तिसरा दिवस उजाडायला कधी कधी शंभरावर वर्षे लागतात.

२०१९ साली आम्ही परत आलो. मला वाटले, कोडे समुद्रापलीकडेच राहिले. ते आमच्या आधीच गावी येऊन बसले होते.

आमच्या भागात हापूसच्या बागांवर नेपाळी माणसे राखणीला असतात, मासेमारीच्या होड्यांवरही असतात. कुणी हंगामापुरते येतात, कुणी बायकामुलांसह बारमाही राहतात. डोंगरातली ही माणसे आमच्या उकाड्यात आणि खाऱ्या हवेत दिवस काढतात. नाव काहीही असो, गाव त्यांना 'बहादूर' म्हणते. मी नव्हते का वर्षभर नुसते 'बाई' म्हणत! त्यांच्यातल्या एका जोडप्याची मुलगी माझ्या बालवाडीत आली, तेव्हा मला एकदम ते चुकलेले घड्याळ आठवले. त्या पोरीचे काहीच चुकत नव्हते. तिची वेळ फक्त दुसऱ्या सूर्योदयापासून मोजलेली होती.

त्या म्हणीचे दोन भाग आहेत. मोम्बासाला मला पहिला भाग भरपूर मिळाला : खुर्ची, मान, 'मामा'. या लोकांना आम्ही फक्त दुसरा भाग देतो. आल्या दिवसापासून कुदळ, आणि पाहुणचार कधीच नाही. दोन दिवस कुणी पाहुणा म्हणून बसवले नाही, तर नंतरच्या कुदळीला घरपण कुठून येणार? आजीची म्हण काय किंवा त्यांची म्हण काय, दोन्हींत सुरुवातीला पाहुणा आहे, हे मी विसरले होते.

गेल्या दिवाळीत मी त्या मुलीच्या आईला बोलावले. फराळाचे ताट बागेत पाठवायचे नाही, तिनेच यायचे, असे सांगितले. ती आली, अवघडून खुर्चीच्या कडेवर बसली. मला लिकोनीचे अंगण आठवले. चकली खाता खाता तिने सांगितले की त्यांचा तिहारचा सण याच दिवसांत येतो आणि त्यात त्या सेल रोटी करतात. तांदूळ भिजवून वाटायचे, आणि पीठ हाताने तेलात गोल सोडायचे. मी म्हटले, "मला शिकवशील?"

चौथ्या दिवशी ती पीठ घेऊन आली. चूल माझी, कढई माझी, पण बोलणे सारे तिचे : आता सोड, आता थांब, तेल अजून तापले नाही. माझी पहिली सेल रोटी वेडीवाकडी झाली आणि तिच्या मुलीने टाळ्या पिटल्या. ती स्वतः तोंड फिरवून हसली. त्या दिवशी पाहुणी कोण आणि यजमान कोण, हे विचारायला आजी हवी होती.

यंदा तांदूळ आदल्या रात्रीच भिजत घाला, असे तिने मला बजावले आहे. घातले आहेत.