चित्रपटांची प्रतवारी आणि आपला विवेक

शुक्रवारी नवा चित्रपट लागतो आणि शनिवार उजाडेपर्यंत त्याच्या कपाळी तारे चिकटलेले असतात. कुणाला दोन, कुणाला साडेतीन, क्वचित एखाद्या भाग्यवंताला पाच. पूर्वी हे तारे शहरी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून उगवत. आता ते घनसावंगी तालुक्यातल्या वाडीवस्तीवर, हातातल्या मोबाइलवरही उगवतात. कुंभार पिंपळगावच्या बाजारपेठेत चहा घेत बसलेली मुले 'अडीच स्टारचा आहे, नको' एवढ्या एका वाक्यात चित्रपट निकालात काढताना आम्ही ऐकली आहेत. त्यांपैकी एकानेही तो चित्रपट पाहिलेला नव्हता. समीक्षकाचे नावही कुणाला ठाऊक नव्हते. निवाडा मात्र पक्का होता.

विषय करमणुकीचा आहे, त्यात धर्मगुरूने लक्ष कशाला घालावे, असे कुणी म्हणेल. परंतु माणसाच्या कृतीला आकड्यात तोलावे काय, आणि एकाने दिलेला आकडा दुसऱ्याने आपल्या विवेकाच्या जागी बसवावा काय, हा प्रश्न करमणुकीचा नाही. तो नीतीचा आहे.

प्रतवारी म्हणजे काय, हे आमच्या भागातील शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हापासून 'ग्रेडर' हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत कायमचा शिरला. गाडीभर कापसातून ग्रेडर मूठभर कापूस उचलतो, बोटांनी धागा ओढून पाहतो, ओल किती, पत्ती-कचरा किती, कवडी किती हे न्याहाळतो आणि प्रत सांगतो. त्या एका शब्दावर घरच्या वर्षाचा हिशेब अवलंबून असे. ग्रेडरविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी कमी नव्हत्या. पण त्या तक्रारींतही एक गोष्ट गृहीत धरलेली असे, ती ही की धाग्याची लांबी मोजता येते. ग्रेडर चुकला असे म्हणता येत असे, कारण बरोबर काय याचे माप दोघांनाही मान्य होते. चित्रपटाच्या बाबतीत समीक्षक चुकला असे आपण कशाच्या आधारे म्हणणार? साडेतीनांतला तो अर्धा तारा नेमका कशाचा, हे तो देणाऱ्यालाही सांगता येईल काय, याची आम्हाला शंका आहे.

हा प्रकार फार जुना नाही. १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या दैनिकात आयरीन थायरर या समीक्षक बाईंनी चित्रपटांना तारे देण्यास आरंभ केला, असे सांगतात. घाईत असलेल्या वाचकाची सोय, एवढाच हेतू. आपल्याकडे टीकाकाराचा दरारा ताऱ्यांच्या आधीपासून होता. १९३५ साली मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढणारे बाबूराव पटेल यांच्या लेखणीला भले भले निर्माते वचकून असत. ते तारे देत बसत नसत, शब्दांनीच सोलून काढत. पुढे त्यांनी स्वतः 'द्रौपदी' आणि 'ग्वालन' हे चित्रपट काढले, तेव्हा त्यांना यश लाभले नाही. त्यावरून त्यांची टीका खोटी ठरत नाही, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. ज्याला मडके घडवता येत नाही त्यालाही ते गळते हे कळते.

मग टीकाकाराचे मत आणि जनतेचे मत यांची फारकत झाली तर? १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला, तेव्हा आरंभीच्या परीक्षणांतील सूर नापसंतीचा होता. फिल्मफेअरच्या पुरस्कारांत त्याच्या वाट्याला एकच पारितोषिक आले, तेही संकलनासाठी, माधव शिंदे यांना. तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. ही गोष्ट समीक्षकांना हिणवण्यासाठी नेहमी सांगितली जाते. आम्ही ती त्यासाठी सांगत नाही. गर्दी हेही एक मापच आहे, आणि ते ताऱ्यांहून शहाणे आहे असे मानण्यास काही आधार नाही. हल्ली 'शंभर कोटींचा चित्रपट' असे म्हणण्याची जी रीत पडली आहे, तीत तर समीक्षकाचे मतही उरले नाही. नुसता गल्ला उरला.

आमच्या मते खोट अशी की एका आकड्यात तीन वेगळे प्रश्न कोंबले जातात. कृती नीट घडवली आहे काय, हा पहिला. ती पाहून माणसाचे बरे होईल की वाईट, हा दुसरा. मला ती आवडेल काय, हा तिसरा. समीक्षक बहुधा पहिल्याचे उत्तर देत असतो, वाचक तिसऱ्याचे समजून घेतो, आणि आईबाप मुलांच्या काळजीने दुसऱ्याचे शोधत असतात. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले गेले की कृत्याचा विचार करताना मूळ कृत्य, त्यामागचा हेतू आणि परिस्थिती ही तिन्ही निरनिराळी पाहावीत. त्यांची बेरीज करून गुण देऊ नयेत. पापनिवेदनाच्या संस्कारातही पापांचे लहानमोठे भेद आहेत, ते आम्ही नाकारत नाही. परंतु तिथे समोर बोलणारा माणूस असतो. तो सांगतो, गुरू ऐकतो, विचारतो, आणि मग प्रायश्चित्त ठरते. चित्रपट मात्र निवाडा ऐकून घेतो, उलट काही बोलू शकत नाही.

तरीही ताऱ्यांची बाजू आम्ही टाकून देणार नाही. कुंभार पिंपळगावहून जालन्याला जाऊन चित्रपट पाहायचा म्हणजे चौघांच्या कुटुंबाला एसटीचे भाडे, तिकिटे, बाहेरचे खाणे आणि बुडालेला रोज धरून मोठा खर्च येतो. ज्याच्यापाशी महिन्यातून एकदाच असा पैसा उरतो, त्याने आधी चौकशी करावी यात गैर काय? पैसेवाल्याला दहा चित्रपट पाहून नऊ विसरता येतात. गरिबाची फसगत होऊ नये म्हणून कुणी आधी पाहून दोन शब्द सांगत असेल, तर ती सेवाच होय. फक्त ते दोन शब्द असावेत. दोन तारे नव्हेत.

या बाबतीत ख्रिस्तसभेचाही अनुभव मोठा आहे, आणि तो वाचकांपुढे ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते. अमेरिकेतील कॅथलिकांनी १९३०च्या दशकात 'लीजन ऑफ डीसन्सी' ही संस्था उभारली आणि चित्रपटांना अ, ब, क असे वर्ग देण्यास प्रारंभ केला. अ म्हणजे निर्दोष, ब म्हणजे अंशतः आक्षेपार्ह, क म्हणजे निषिद्ध. निषिद्ध चित्रपट पाहणार नाही, अशी शपथ लोक चर्चमध्ये उभे राहून घेत. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी 'विजिलांती कुरा' या विश्वपत्रात त्या प्रयत्नांची प्रशंसा केली आणि देशोदेशी चित्रपटांचे वर्गीकरण करणारी कार्यालये असावीत असे सुचवले. त्यामागची कळकळ खरी होती. अंधाऱ्या सभागृहात लहान मुलाच्या मनावर काय उमटते याची चिंता कुणीतरी वाहायलाच हवी होती, आणि निर्मात्यांना ती नव्हती.

परंतु रोबेर्तो रोसेलिनी यांचे उदाहरण पाहा. या इटालियन दिग्दर्शकाने १९४८ साली 'चमत्कार' नावाचा लघुपट केला. एका भोळ्या मेंढपाळ बाईला वाटेत भेटलेला परका पुरुष संत योसेफ वाटतो, आणि आपल्या पोटी आलेले मूल दैवी आहे असे ती समजते. गाव तिची विटंबना करते. न्यूयॉर्कमध्ये तो दाखवला गेला तेव्हा लीजनने त्याचा धिक्कार केला, कार्डिनल स्पेलमन यांनी कॅथलिकांना त्यापासून दूर राहण्यास सांगितले, आणि प्रकरण वाढत जाऊन १९५२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असा निर्णय दिला. आता याच गृहस्थाची पुढील कथा. १९९५ साली चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत रोसेलिनी यांचे दोन चित्रपट आहेत: एक नाझींच्या ताब्यातील रोमविषयीचा, दुसरा संत फ्रान्सिस आणि त्यांच्या बंधूंविषयीचा. 'चमत्कार'ची कथा ज्यांनी लिहिली व ज्यांनी त्यात भूमिकाही केली, ते फेदेरिको फेलिनीही त्या यादीत आहेत. स्वतःला नास्तिक म्हणवणारे पासोलिनी त्यांच्या मत्तयकृत शुभवर्तमानावरील चित्रपटासाठी आहेत.

या यादीतली आम्हाला भावलेली गोष्ट वेगळीच आहे. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग आहेत आणि प्रत्येकात १५ चित्रपट. पहिला कोण, पंधरावा कोण, हे तीत कुठेही नाही. निरनिराळे प्रश्न निरनिराळे ठेवले आणि आकडा दिलाच नाही. (रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा 'गांधी' मूल्यांच्या भागात आहे, भारतीय दिग्दर्शकाचा एकही चित्रपट यादीत नाही. आमच्या मनात सत्यजित राय यांची जागा ठरलेली होती, म्हणून हे थोडे खटकले.)

रायांचे नाव निघाले म्हणून फादर गास्ताँ रोबेर्ज यांची आठवण होते. कॅनडाचे हे येशूसंघीय धर्मगुरू भारतात येण्याआधी न्यूयॉर्कमध्ये रायांचे अपू-चित्रत्रय पाहून आले होते. १९७० साली त्यांनी कलकत्त्यात 'चित्रवाणी' ही संस्था स्थापन केली आणि २०२० साली निधन होईपर्यंत चित्रपट कसा पाहावा हे शिकवण्यात आयुष्य घालवले. कोणता पाहावा आणि कोणता पाहू नये, यापेक्षा त्यांचा भर या 'कसा'वर होता.

सरकारी प्रतवारीविषयी थोडक्यातच लिहितो. मराठी चित्रपटांना अनुदान देताना महाराष्ट्र शासनाची समिती चित्रपट पाहून गुण देते. अ वर्गाला ४० लाख आणि ब वर्गाला ३० लाख रुपये अशी रीत होती. जनतेचा पैसा द्यायचा तर काहीतरी कसोटी लागणारच, तेव्हा त्यावर आमचा आक्षेप नाही. निदान तिथे आकडा कशासाठी आहे हे सर्वांना ठाऊक असते.

खरा अन्याय पडद्यावरच्या कृतीवर होतो त्याहून अधिक पडद्यासमोर बसलेल्यांवर होतो, असे आम्हाला वाटते. १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. जाणकारांनी नाके मुरडली. रडारड, भडक, बाळबोध, असे बरेच बोलले गेले. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुष्कळसे खरेही असेल. पण गावोगावच्या बाया ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून तो पाहायला गेल्या आणि पदराने डोळे पुसत परतल्या. सासरी गांजलेल्या सुनेचे दुःख त्यांना कुणी शिकवायचे नव्हते. ते सर्वांदेखत रडण्याची मुभा तेवढी त्या तीन तासांनी दिली. अशा चित्रपटाला दोन तारे दिले की नकळत त्या बायांच्या अश्रूंनाही दोन तारे दिले जातात. चित्रपट सामान्य आहे असे म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला आहे. त्याला भुलणारे सामान्य आहेत, हे वाक्य मात्र त्याने लिहिलेले नसले तरी ताऱ्यांच्या पोटातून बाहेर पडते, आणि शिकलेली मुले ते आपल्याच आईला ऐकवतात. 'तुला काय कळतंय त्यातलं?' हे शब्द घरांतून आम्ही ऐकले आहेत.

याची दुसरी बाजूही आहे. आईचे अश्रू खरे म्हणून चित्रपटाने सांगितले ते खरेच, असे होत नाही. सहन करत राहणे हेच बाईचे पुण्य, असे कुणी गाणी-पदरांत गुंडाळून सांगत असेल, तर ते आम्हाला मान्य नाही. आणि हे त्या आईशीच बोलले पाहिजे, तिच्या डोक्यावरून नव्हे.

काही कृती तर अशा असतात की त्यांच्यापुढे प्रतवारी करणाऱ्याचीच पंचाईत होते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुकरे पकडणाऱ्या कुटुंबातला जब्या शेवटी संतापून दगड भिरकावतो, आणि तो दगड सरळ आपल्या दिशेने, पाहणाऱ्याच्या तोंडावर येतो. पडदा काळा होतो. या दगडाला किती तारे द्यायचे? आतापर्यंत निवाडा करायला बसलेला माणूस त्या क्षणी आरोपीच्या जागी येतो.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या तरुणांना एका संध्याकाळी भिंतीवर हा चित्रपट दाखवला. संपल्यावर बराच वेळ कुणी उठले नाही. मग एका मुलाने विचारले, 'फादर, डुक्कर खांद्यावर घेऊन ती माणसं शाळेजवळून जातात, तेव्हा भिंतीवर आंबेडकरांचं आणि फुल्यांचं चित्र का दाखवलंय?' दुसरा म्हणाला, 'आपल्या शाळेच्या भिंतीवर पण आहे.' त्यावरून गोष्टी निघत गेल्या. गावातल्या पाणवठ्याची निघाली, लग्नातल्या पंगतीची निघाली. मागे बसलेल्या एका प्रौढ बाईंनी तोवर एक शब्दही उच्चारला नव्हता. त्या म्हणाल्या, 'पोराची बहीण शेवटपर्यंत खाली मान घालून होती, ते कुणी बघितलं का?' आम्ही बघितले नव्हते. पुढच्या महिन्यात तेवढाच भाग पुन्हा लावायचा, असे मुलांनी ठरवले.