ताण किती द्यायचा?

वरूडमध्ये ‘ताण’ म्हटलं की आधी संत्र्याचं झाड आठवतं. परीक्षा आणि ईएमआय नंतर. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, काही गळतात. वाढ थांबते आणि झाड आत ताकद साठवतं. मग हलकं पाणी देऊन ताण तोडला की फांद्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाड वाळतं. हे गणित बाबांना पान बघून कळतं. मला कळायला एक गाडी लागली.

गाडी म्हणजे जुनी फियाट लिनिया टी-जेट. नागपूरहून सेकंडहँड घेतलेली. दिसायला साधी सेडान, पण बॉनेटखाली १,३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन. ही गाडी पुण्याजवळच्या रांजणगावला बनायची. टी-जेट आली २०१० साली, आणि पुढच्या दशकभरात फियाटने इथला गाड्यांचा पसारा आवरला. फियाटचंच १.३ डिझेल इंजिन स्विफ्टमध्येही होतं, त्यामुळे त्याचे पार्ट आजही मिळतात. टी-जेटचं तसं नाही. म्हणून मी अंगणात बसून स्वतःच शिकलो: प्लग बदलणं, ऑइल बदलणं, टर्बोच्या पाइपांवर साबणाचं पाणी लावून हवा कुठून गळते ते शोधणं.

टर्बो ही मोठी मोहात पाडणारी गोष्ट आहे. इंजिनातून बाहेर फेकला जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. वाया जाणाऱ्या धुरातून मिळालेली, म्हणजे जणू फुकटचीच.

त्यात मला कळलं की २०१५ साली आलेल्या अबार्थ पुंतोत हेच १.४ टी-जेट १४५ अश्वशक्ती देतं. माझ्या गाडीत ११४. उरलेली ३१ कुठे गेली? कुणीतरी माझी अडवून ठेवलीय असंच वाटायला लागलं. शेवटी एकाने लॅपटॉप लावून रीमॅप करून दिलं: टर्बोचा दाब वाढवला, पेट्रोलचं आणि ठिणगीचं गणित बदललं.

बाबांनी विचारलं, “तिले झेपते काय पन?”

मी म्हणालो, “तुमी झाडाले ताण देताच ना बाबा? मंग मी इंजिनाले देल्ला तर काय झालं?”

ते काही बोलले नाहीत.

नोव्हेंबरात संध्याकाळी ताईला घेऊन मोर्शीच्या रस्त्याने येत होतो. पुढे संत्र्याने भरलेली ट्रॉली, मागे लाल दिवा नाही. दिसली तेव्हा उशीर झाला होता. ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि गाडी घसरत कच्च्यात उतरून थांबली. कुणाला काही झालं नाही. ताई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी टायर पाहिले. जुने, लाकडासारखे कडक झालेले. इंजिन किती सोसेल ते मी तीन महिने वाचत होतो. टायर किती धरतील हे एकदाही पाहिलं नव्हतं.

गाडी निर्जीव आहे, तिचं आपण काय देणं लागतो, असं मित्र म्हणतात. मलाही पटतं. इंजिन फुटलं असतं तर माझे पैसे गेले असते, विषय संपला. पण ताण दिलेल्या जागीच राहत नाही. मी तो इंजिनाला दिला आणि तो टायरवर गेला, तिथून ताईवर, तिथून ट्रॉलीवर बसलेल्या मजुरांवर. यातल्या कुणाला मी विचारलं नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल निकाल दिला की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. तेव्हा मला तो माझ्या मालकीत खुपसलेला हात वाटला होता. गाडी माझी आहे. रस्ता माझा नाही, एवढी साधी गोष्ट.

मग ताण द्यायचाच नाही का? तसं म्हणणं वरूडच्या माणसाला शोभणार नाही. आमचं संत्र्याचं झाडसुद्धा जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेलं कलम आहे. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची. जसं मिळालं तसंच ठेवायचं म्हटलं असतं तर इथे बागाच उभ्या राहिल्या नसत्या.

फरक मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. तुटलं तर ते कुणाच्या अंगावर पडणार? ताण देणाऱ्याच्याच अंगावर पडणार असेल, तर त्याने खुशाल द्यावा. दुसऱ्यावर पडणार असेल, तर ती हिंमत नव्हे, उधारी आहे.

हे मी बाबांना सांगितलं, आणि सांगता सांगता अडखळलो. कारण ताण तोडल्यावर आंबियाला सगळा उन्हाळा पाणी लागतं आणि आमचं पाणी बोअरचं. वरूड-मोर्शीचा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जातो. आमची बोअर खोल गेली तशी शेजारच्या काकांची विहीर आटली. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. बाबांचा ताणही त्यांच्या धुऱ्यावर थांबत नव्हता.

मला वाटलं, चिडतील. बराच वेळ ते बागेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “खालच्या तुकड्यात औंदा मृगच धरू.”

मृग म्हणजे उन्हाळ्यात पाणी तोडायचं आणि पावसावर फूल घ्यायचं. उपसा कमी, पण सगळं आभाळावर. पाऊस लांबला तर झाडंही जातील. ती जोखीम मात्र आमची असेल.

मी टायर बदलले आणि रीमॅप काढून टाकलं. खरं सांगायचं तर ती ३१ अश्वशक्ती अजून आठवते. टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, म्हणून जोरात चालवल्यावर गाडी लगेच बंद करायची नसते. ऑइल फिरत राहून त्याला थंड होऊ द्यायचं असतं. आता अंगणात आलो की मिनिटभर तसाच बसतो. बाबा सोबत असले तर तेही उतरत नाहीत.